अहवालातली बॅटरी आणि खोक्यातली

कारखान्यात सगळेच तिला वहिनी म्हणायचे. दीर म्हणायचा, त्याचं ऐकून सोल्डरिंगवाल्या दोघी, आणि मग टेम्पोवालासुद्धा. नवरा गेल्यापासून तिने आणि धाकट्या दिराने कारखाना रेटला होता. कागदपत्रं तिच्याकडे, हत्यारं त्याच्याकडे. रुग्णाच्या घशातला कफ ओढून काढणाऱ्या, हातात धरून न्यायच्या सक्शन पंपांसाठी ते बॅटऱ्या बनवायचे.

परदेशातल्या एका डॉक्टरबाईंनी चाळीस बॅटऱ्या मागवल्या आणि वहिनी चाचण्यांच्या फेऱ्यात सापडली. लिथियमची बॅटरी विमानात चढवायची तर आधी प्रयोगशाळेत तिचे हाल हाल करतात. विरळ हवेत ठेवतात, तापवतात, गारठवतात, तासन्‌तास थरथरवतात, दणके देतात, तारा भिडवून शॉर्ट करतात. एवढं सोसूनही ती गळली नाही, पेटली नाही, तरच अहवाल मिळतो. सात आठवडे वहिनीने तिथले उंबरठे झिजवले. एकदा अर्जात वजन ग्रॅममध्ये हवं होतं, एकदा सही निळ्या शाईत. अखेर अहवाल हाती आला आणि ती खोकी घेऊन विमानतळाच्या माल-गोदामात पोचली.

तिथला तपासनीस सभ्य होता आणि चिवट. त्याने एक खोकं उघडलं, पारदर्शक वेष्टनातली बॅटरी अहवालातल्या फोटोशेजारी धरली.

"मॅडम, फोटोत सर्किट हिरवं आहे. हे काळं."

"रंगाचं काय घेऊन बसलात?"

"नंबरही वेगळा आहे."

वहिनीने चष्मा लावला. नंबर खरंच वेगळा होता. तिने तिथूनच दिराला फोन लावला.

"भाऊजी, सर्किट बदललंत?"

"आलं लक्षात?" दिराचा आवाज खुलला. "जुनं फार तापायचं. हे कसं गार राहतं! तुम्हाला सांगायचंच राहून गेलं बघा."

"जुनी कुठायत?"

"ती? भंगारात दिली."

वहिनीने फोन ठेवला. "नवं जास्त चांगलं आहे," ती तपासनिसाला म्हणाली. स्वतःचा आवाज तिला केविलवाणा वाटला.

"असेलही. पण हा अहवाल त्याचा नाही. बॅटरीची राखण करणारा भागच बदललात, आता चाचण्या पहिल्यापासून."

चाळीसच्या चाळीस खोकी परत टेम्पोत चढली. वाटभर ती मनात भांडत होती. कारखान्यात शिरली तेव्हा दीर दारातच उभा होता.

"अहो वहिनी, पण सुधारणाच केली ना? वाईट तर नाही केलं?"

"वाईट केलं असतं तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं! थोरलीला दाखवून लग्न ठरवायचं आणि ऐनवेळी धाकटीला उभं करायचं, असा कारभार झाला हा."

सोल्डरिंगवाल्यांपैकी एकीला हसू फुटलं. वहिनीने पाहिल्यावर ते विरलं.

दीर खाली मान घालून म्हणाला, "प्रयोगशाळेत मी जातो या खेपेला."

"जा. आणि एक स्क्रूसुद्धा बदललात तर याद राखा."

डॉक्टरबाईंना फोन करायचं मात्र तिच्याच वाट्याला आलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे तोवर माझे पंप भिंतीच्या प्लगलाच बांधलेले. ॲम्ब्युलन्समध्ये देता येणार नाहीत." वहिनी तीनदा माफ करा म्हणाली.

या खेपेला नऊ आठवडे लागले. यंत्र बंद पडलं, मग यंत्रवाला रजेवर गेला. दीर रोज जायचा आणि पडलेल्या चेहऱ्याने परत यायचा. बॅटऱ्या मात्र सगळ्या चाचण्यांतून पहिल्याच फटक्यात पार झाल्या. तोवर वाट पाहून पाहून डॉक्टरबाईंनी पंचवीस बॅटऱ्या दुसरीकडून घेतल्या होत्या. वहिनीकडून पंधराच हव्या होत्या.

गोदामात तोच तपासनीस होता. वहिनी पदर खोचूनच आली होती. त्याने फोटो पाहिला, नंबर पाहिला, दहा मिनिटांत शिक्का मारला आणि "धन्यवाद" म्हणाला. भांडायला काही उरलंच नाही.

बाहेर टेम्पोपाशी थांबलेल्या दिराने हळूच विचारलं, "अजून चिडलाय का, वहिनी?"

"हो," ती म्हणाली आणि टेम्पोत चढून बसली.