लाल गाडीचा कौल

अष्टमी गावात, कुंडलिकेच्या काठी, लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत दर गुरुवारी संध्याकाळी एवढी गर्दी होऊ लागली की दोन भेळवाले, एक फुगेवाला आणि नारळाचा एक टेम्पो तिथे कायमचे मुक्कामाला आले. मंडपात मधोमध मूर्ती नव्हती, मोटार होती. लालभडक, दोन माणसांपुरती, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, तीसेक वर्षांपूर्वीची परदेशी स्पोर्ट्स कार. टायरांना झेंडूचे हार, बॉनेटवर हळदकुंकू आणि मागच्या बाजूला जाड मखमली पडदा.

"चावी बघून घ्या, मंडळी!" माइकवरून आवाज यायचा. "चावी नारळाला बांधलेली हाय. नारळ तुमच्या डोळ्यांसमोर हाय. गाडी बंद हाय. आता जो उजेड पडंल तो चावीचा नाय, माणसाचा नाय, वरचा!"

मग महाराज डोळे मिटून गाडीत बसायचे. कुणीतरी प्रश्न विचारायचं. जमाव श्वास रोखायचा, आणि गाडीचे पुढचे दोन गोल दिवे आतून मंद, पिवळसर उजळायचे. उजळले तर कौल होकाराचा, नाही उजळले तर नकाराचा. बायका हात जोडायच्या. पुरुष मोबाइल वर धरायचे, कारण हल्ली दर्शन घेण्याची रीत तीच आहे.

महाराजांचं नाव जितेशनाथ. मी त्यांना ते नुसते जितेश असल्यापासून ओळखतो. खांब गावच्या नाक्यावर ते पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. त्यातलं एक माझ्या घरी आहे. पाणी त्यातून जसं जातं तसंच बाहेर येतं, फक्त जरा सावकाश.

गाडी मात्र त्यांची नव्हती, निलेशची होती. निलेश म्हणजे रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा पोरगा. शाळेच्या वह्यांवर मोटारींची चित्रं काढत मोठा झालेला. त्याने मुंबईहून ही गंजलेली गाडी आणली आणि रंगवायला पेणला मामाकडे नेली. मामा, म्हणजे दाजी, गणपतीच्या कारखान्यातले नावाजलेले रंगारी. गणपती गावोगाव गेले होते, कारखान्यात जागा होती, हात मोकळा होता. दाजीमामांनी गाडीला मूर्तीसारखं घासलं, रंग फवारायच्या गनने थरावर थर दिले. गाडी अशी झाली की बघणाऱ्याला आपला चेहरा तिच्यात दिसावा.

फक्त तिचे दिवे बिघडले. ब्रेक दाबला की पुढचे दिवे उजळायचे. डावीकडे वळायचा इंडिकेटर लावला की समोरची मीटरं मिचमिच करायची. रोह्यातल्या गॅरेजवाल्यांनी पुढचे बल्ब बदलले, फ्यूज बदलले, पुढची सगळी वायरिंग उकलली. उजेड पुढे दिसतो म्हणून सगळ्यांनी पुढेच शोधलं. शेवटी त्यातल्या एकाने हात टेकले आणि म्हणाला, "बाहेरचं कायतरी असंल." तिथे बाकड्यावर चहा पीत जितेश बसला होता. त्याने त्याच दिवशी यंत्रं विकणं सोडलं.

त्याचं प्रवचन ऐकण्यासारखं असे. "पेणच्या कारागिरानं मूर्तीचे डोळे आखले की मूर्ती बघाया लागते, व्हय का नाय?" व्हय, असं मंडप म्हणायचा. "त्याच हातानं, त्याच गननं ही गाडी रंगवली. डोळे मिळाले, पण प्राणप्रतिष्ठा नाय झाली. मंग रिकाम्या घरात कोण येऊन बसलं?" मंडप हात जोडायचा. निलेश आधी घाबरला. मग आपल्या गाडीसमोर लोक नारळ फोडतात हे पाहून हळूहळू फुगला.

मी हे सगळं करमणूक म्हणून पाहत होतो. अष्टमीत माझं औषधांचं दुकान आहे. माणसं पैसे देऊन काय काय गिळतात याची मला सवय आहे. पण एक दिवस मला पुलावर संध्या भेटली आणि माझी करमणूक संपली.

संध्या नदीकाठच्या वाडीवरची. शेतावर, वीटभट्टीवर, मिळेल तिथे मजुरीला जाते. तिच्या पिंकीला आकडी येते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी गोळ्या सुरू केल्या. तिथे गोळ्या नसल्या की संध्या माझ्याकडून न्यायची. पाऊस असो, ऊन असो, चुकायची नाही. पावसाळ्यापासून पोरीला एकदाही आकडी आली नव्हती.

"संध्ये, गोळ्या संपल्या असतील गो. आली नाहीस?"

"बंद केल्या, काका."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"गाडीला इचारलं. पिंकीला अजून गोळी द्यायची का, म्हटलं. नाय उजळली." तिचा चेहरा आनंदाने खुलला होता. "पोर बरी झाली माझी. कौलच तसा मिळाला."

मी चिडलो. या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर आकडी दुप्पट जोराने येते, पोर जिवाला मुकेल, असं रस्त्यातच ओरडलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "महाराज बोललेच व्हते, दुकानदार असं बोलतील. त्यांचा धंदा बसतो ना." जितेशने माझं तोंड आधीच शिवून ठेवलं होतं. यंत्र विकतानाही तो असाच पुढचा विचार करायचा.

चार दिवसांनी पिंकीला आकडी आली, ती नदीवर, धुणं धुवायच्या जागी. तोंड पाण्यात. शेजारी कपडे आपटणाऱ्या मंगळीने तिला केसांना धरून वर ओढली म्हणून ती वाचली. मला वाटलं, आता तरी संध्या येईल. आली नाही. आकडी म्हणजे आतला दोष बाहेर पडतोय, असं महाराजांनी तिला समजावलं होतं.

मी पेणला माझ्या भाचीला फोन केला. दिशा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते. दुसऱ्या गुरुवारी ती आली, मंडपात उभी राहिली, चार-पाच कौल पाहिले.

"मामा, महाराजांचे पाय कुठे असतात?"

"एक मांडीवर, एक खाली. अर्धपद्मासन म्हणतात त्याला."

"आणि मागे पडदा कशाला?"

"देवाकडे पाठीमागून बघायचं नसतं, असं सांगतात."

"ब्रेकच्या लाइटकडे तर मुळीच बघायचं नसतं," दिशा म्हणाली आणि हसली. "गाडी रंगवली कुणी?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही पेणला दाजीमामांच्या कारखान्यात गेलो. गाडीचं नाव काढल्यावर म्हातारा खुलला. "डिकीतला सुदीक एकूण एक नट काढला. खाली रंग दिला, रंग सुकला, मंग नट परत बसवला. एक कोपरा कोरा नाय ठेवला!"

"त्यातल्या एका नटाखाली काळ्या तारा होत्या का?"

"व्हत्या की. त्याच्याखाली तर दोन हात जास्ती दिले. गंज लई व्हता तिथं."

दिशाने त्यांना सगळं समजावून सांगितलं. दाजीमामांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "म्हंजी माझ्या रंगापायी पोरगी बुडायची व्हती?"

"रंगापायी नाही, दाजीमामा. जितेशपायी," दिशा म्हणाली.

"मी येतो गुरुवारी," ते म्हणाले.

गुरुवारी मंडप भरला होता. पिंकीला कडेला बसवून संध्या पहिल्या रांगेत होती. पोरीच्या कपाळावर दगड लागल्याची खोक होती. दिशाने माइक मागितला.

"महाराज, माझा प्रश्न नाही, विनंती आहे. दोन्ही पाय मांडीवर घ्या."

"गाडीत जागा कमी हाय, ताई."

"मग बाहेर या. देव गाडीत आहे ना? गाडी एकटी कौल देईल."

लोकांना हे आवडलं. आपल्या देवाची परीक्षा होतेय आणि तो पास होणार याची त्यांना खात्री होती. "व्हय व्हय, या बाहेर!" असा गलका झाला. महाराजांना यावं लागलं. प्रश्नामागून प्रश्न झाले. गाडी ढिम्म. नकारच म्हणावं, तर 'आज गुरुवार आहे का' यालाही तिने नकार दिला.

"कोपला!" जितेश ओरडला. "देव कोपला!"

"मग समजूत काढू," दिशा म्हणाली. "संध्याताई, तुम्ही बसा आत."

"बाईमाणसाला आत बसायची बंदी हाय!"

तेव्हा निलेश पुढे आला. एवढे दिवस तो महाराजांच्या मागे हात बांधून उभा असायचा. "गाडी माझी हाय," तो म्हणाला. "बसू दे तिला."

संध्या घाबरत आत बसली. दिशा खिडकीशी वाकली. "पायाखाली मधली पट्टी आहे, ती दाबून ठेवा. आणि तुमचा तोच प्रश्न विचारा."

"पिंकीला गोळी द्यायची का?"

दिवे उजळले. मंडपाने श्वास घेतला. लोकांचे हात जोडले जाऊ लागले.

"आता पट्टी सोडा. पुन्हा दाबा, आणि उलटं विचारा."

"पिंकीची गोळी बंद करायची का?"

दिवे तस्सेच उजळले. संध्याने पाय उचलला. अंधार. पाय ठेवला. उजेड. तिने पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग ती आपल्या पायाकडे बघत म्हणाली, "हे मी करत्येय?"

दिशाने मागचा पडदा ओढून काढला. संध्याचा पाय ब्रेकवरच होता. मागचे दिवे लाल, पण विझत्या निखाऱ्यासारखे मिणमिणत होते.

"ब्रेकचे दिवे आहेत हे," दिशा म्हणाली. "या गाडीत त्यांना चावी लागत नाही. चावी नारळाला बांधा नाहीतर नदीत टाका. वीज बॅटरीतून निघते, दिव्यात जाते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. मागच्या दिव्यांची परतीची वाट म्हणजे डिकीतला हा एक नट. त्याच्याखाली रंग बसला, वाट बंद झाली. आपला पूल बंद झाला तर रोह्याला जाणारी माणसं घरी बसतात का? वळसा घालून जातात. तशी ही वीज शेजारच्या तारेत शिरते आणि पुढच्या बारक्या दिव्यांतून परत जाते. जाता जाता ते दिवे उजळतात. एवढाच तुमचा कौल."

तिने एका तारेचं टोक त्या नटाला धरलं, दुसरं थेट बॅटरीला. पुढचे दिवे विझले आणि मागचे लालभडक पेटले. तार काढली, पुढचे उजळले. लावली, विझले. देव एका तारेवर ये-जा करत होता.

दाजीमामा पुढे झाले. त्यांनी नट सैल केला आणि मूर्तीवरचा जादा थर काढायच्या पातीने त्याच्याखालचा स्वतःचा रंग खरवडायला घेतला. चमकता पत्रा दिसेपर्यंत ते थांबले नाहीत. नट घट्ट बसला. संध्याने ब्रेक दाबला. पुढे अंधार, मागे झगझगीत लाल. साध्या गाडीसारखी गाडी.

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. "देव घालवलात!" असं एक जण म्हणालाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून म्हाताऱ्या बायजाबाई उठल्या. "आरं, माझ्या सुनेला मी म्हायेरी धाडली," त्या म्हणाल्या, "ती याच्या पायाला इचारून?" त्यानंतर मात्र प्रत्येकाला आपापला कौल आठवायला लागला. जितेशला बाहेर जायची वाट सापडेना. जमाव पुढे सरकला तेव्हा निलेशनेच त्याला गाडीशी बसवून ठेवलं, मार लागू दिला नाही, आणि मी पोलिसांना फोन केला. अशा लोकांसाठी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो वापरायचा असतो, हे आपण विसरतो.

मला माझ्या माणसांचा राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. संध्या मूर्ख नाही. एवढी वर्षं गोळी द्यायची आणि ती का द्यायची हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले द्या, दिली. गाडी म्हणाली बंद, बंद केली. तिच्यासाठी दोन्ही कौलच होते. म्हणून माझं सांगणं सरळ आहे. बुवाचं ऐकू नका एवढ्यावर थांबू नका. जो कोणी तुम्हाला काही करायला सांगेल, तो मोठा असो, शिकलेला असो, त्याला 'हे कसं होतं' म्हणून विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे तो सांगेल. ज्याच्याकडे नाही तो रागावेल, आणि त्यातून तुम्हाला काय ते कळेल.

मंडपातून आम्ही तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिंकीला तपासलं, मला दोन शब्द आणि संध्याला दहा शब्द सुनावले, आणि कागद ओढून गोळ्या लिहायला घेतल्या. बाहेर पेशंटची रांग होती.

"थांबा, सायब," संध्या म्हणाली. पिंकीला तिने मांडीवर घट्ट धरलं होतं. "ही गोळी पोटात जाऊन काय करते? डोक्यात आकडी येते, मंग पोटात गोळी कशाला? कसं ते सांगा. मंग देईन."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.