टेप आटली नव्हती

मास्तरांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. अंग कापडी, टोकांना पत्र्याच्या पट्ट्या. मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या गळ्यात माझा मुक्काम. लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश, सगळं माझ्यावरून बेतलं जायचं. “मास्तरांचं माप म्हणजे माप,” असं गिऱ्हाईक म्हणालं की मी फुशारून जायची.

पुढे मास्तरांना नात झाली. तिला सगळे ठकी म्हणत. उरल्यासुरल्या कापडाच्या टोप्या तिला शिवायच्या, हा आजोबांचा छंद. पण टोपी शिवून होते न होते, तोच डोक्याला घट्ट व्हायची.

“बाबा, हिच्या डोक्याचं माप फारच भराभर वाढतंय हो,” सूनबाई म्हणाली.

“डोकं कसलं! टेप आटलीय. परवा बादलीत पडली नव्हती का? आटली की आकडा जास्तच दाखवणार.”

“पण टाळूही फुगल्यासारखी लागते.”

“अगं, अक्कल मावत नाही तिच्यात! बापावर गेली नाही, एवढं नशीब.”

सगळे हसले. सूनबाईही हसली. मला ओरडावंसं वाटलं, पण टेपेला तोंड कुठलं? शिवाय कापडी टेप आटते, हे खरंच आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मास्तरांना तर नाचता येत होतं, म्हणून कुणालाच शंका आली नाही. त्या दिवसापासून ते माझ्या आकड्यातून मनातल्या मनात थोडं वजा करू लागले.

मग ठकी दूध ओकू लागली. तिची बुबुळं खालीच झुकलेली राहू लागली. सूनबाईनं बाजारातून नवी टेप आणली आणि कापड बेतायच्या टेबलावर आम्हा दोघींना शेजारी शेजारी ताणून धरलं. रेघेला रेघ जुळली.

“पुन्हा धर,” मास्तर म्हणाले.

तिनं पुन्हा धरलं नाही. ठकीला उचललं आणि दवाखान्याची वाट धरली. मास्तर मागोमाग धावले, मी त्यांच्या गळ्यातच.

“मेंदूतलं पाणी खाली मणक्याकडे उतरत असतं,” स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिच्या मेंदूत गाठ आहे, तिनं ती वाट अडवलीय. इतक्या लहान मुलांत अशी गाठ क्वचितच दिसते. आधी का नाही आणलंत?”

“टेप आटलीय असं वाटलं.”

“काय आटलंय?”

मास्तरांनी मला गळ्यातून काढून मुठीत चुरगाळलं.

नळी घालून पाणी काढलं, मग गाठ काढली. पण फार दाब सोसलेला मेंदू सावरला नाही.

आता काम नवी टेप करते. मी खिळ्याला लटकते. मला राग नाही, खंत आहे. मित्रांनो, नकोसा आकडा दिसला तर टेपेला हवी तेवढी नावं ठेवा, पण मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या. टेपेशी भांडायला मागाहून वेळ मिळतो.

ठकी थंडी सरता सरता गेली. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आलीच नाही. तिचा पहिला वाढदिवस अजून व्हायचा होता.