टेपखालचा पिवळा दिवा

मित्रांनो, मी एक जुना पिवळा दिवा आहे. दिवा म्हटल्यावर खोलीभर उजेड पाडणारा कुणी डोळ्यांसमोर आणू नका. माझा आकार तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. एका लाल, बुटक्या, भयंकर वेगाने पळणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगमागे, काचेआड मी राहतो. खड्ड्यांतून आणि वळणांवरून चाकांना सांभाळून नेणारी यंत्रणा म्हणजे सस्पेन्शन. तिचं काही बिनसलं की लागायचं, एवढंच माझं काम. बाकीचं आयुष्य अंधारात बसून काढायचं.

गाडी सुरू केली की आम्ही सगळे दिवे क्षणभर एकदम लागतो. ती आमची हजेरी. गाडीच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. त्या रोज सकाळी आमच्याकडे बघून म्हणायच्या, "हजर? चला मग." तेवढ्यानेही मला बरं वाटायचं.

त्यांचा धाकटा भाऊ अशाच गाड्यांचं गॅरेज चालवतो. मध्यंतरी त्याने आमचे ब्रेकपॅड बदलले आणि दोनच दिवसांनी, एका डाव्या वळणावर, हजेरी सोडून मी आयुष्यात पहिल्यांदा लागलो.

भावाने गाडीतला बिघाड सांगणारा स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं, पुढचा डावा शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा, आमच्या गाडीत विजेवर चालणारा दांडा. त्याने तो काढून नवा कोरा बसवला. मी पुन्हा लागलो. त्याने स्कॅनरवरून माझी तक्रार पुसून टाकली. मी पुन्हा लागलो. चार वेळा पुसली, पाचव्यांदा वैतागला.

"ताई, गाडीला काही झालेलं नाही. हा दिवाच चक्रम आहे."

"नक्की ना? रविवारी रेसच्या ट्रॅकवर न्यायचीय. लेक शेजारी बसणार आहे."

"अगं, माझी भाची आहे ती! उगाच सांगेन का?" असं म्हणून त्याने माझ्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला.

तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. त्याला खरंच तसं वाटत होतं. हातात कसब असलं की आपलं चुकलं असेल हे लवकर सुचत नाही.

लेक पुढच्या आठवड्यात शिकायला दूर जाणार होती. त्याआधी आईने तिला ट्रॅकवर फेरी कबूल केली होती. भर वेगात त्या चाकाचा आधार डळमळला तर काय होईल, हे मला कळत होतं. मी टेपखाली लागत होतो, विझत होतो. तोंड दाबून धरलेल्या माणसासारखं.

शनिवारी टायरमधली हवा बघायला आम्ही गॅरेजमध्ये गेलो. तिथे वायरिंगचं काम करणाऱ्या एक मावशी आहेत. नाकावर चष्मा, कानामागे टेस्टर. गाडी आत घेताना त्यांना टेप दिसली.

"हे काय चिकटवलंय?"

"चक्रम दिवा आहे मावशी, सोडा," भाऊ म्हणाला.

"लागतो कधी?"

"कधीही."

"कधीही म्हणजे कधी?" मावशी डॉक्टरबाईंकडे वळल्या. "बाई, माझी दाढ दुखत होती तेव्हा तुम्ही हात लावायच्या आधी किती प्रश्न विचारलेत! गार लागल्यावर दुखते, की चावताना, की आडवं झाल्यावर? आणि ह्या बिचाऱ्याला एकही नाही?"

डॉक्टरबाई आठवत आठवत म्हणाल्या, "जोरात वळताना. डावीकडे. हो, नेहमी डावीकडेच."

"म्हणजे गाडी उजवीकडे झुकते आणि डावं चाक खाली लोंबतं. घ्या लिफ्टवर. आणि चावी लावलेलीच राहू दे."

आजवर गाडी कितीदा तरी वर गेली होती, पण दर वेळी चावी बंद करून. या वेळी चारही चाकं हवेत लोंबली आणि मी टेपच्या कडेने लख्ख दिसलो. मावशींनी डाव्या चाकाखाली जॅक लावून ते उचललं. मी विझलो. सोडलं. लागलो.

शॉक अॅब्सॉर्बरला जाणारी वायर भलत्याच क्लिपमध्ये अडकवलेली होती. चाक लोंबलं की ती ताणायची. आतली तार तुटायला आली होती. ब्रेकपॅड बदलताना वायर त्या क्लिपमध्ये कुणी अडकवली, हे विचारायची गरजच नव्हती.

भावाने वायर त्या क्लिपमधून सोडवली. "ताई, माझाच हात हा."

"हो. आणि मी माझं डोकं दवाखान्यात ठेवून आले होते. आता ती टेप काढ आणि नवी वायर टाक. उद्या पहिल्या फेरीला तू शेजारी बसायचं, भाची नंतर."

"मी? ताई, मला वळणांवर मळमळतं."

"टेप लावताना नाही मळमळलं?"

रविवारी एकूण सहा फेऱ्या झाल्या. पहिलीनंतर मामा गवतावर आडवा झाला, भाची मात्र पाचही फेऱ्या ओरडत होती. एकाही डाव्या वळणावर मी लागलो नाही. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. आम्हा दिव्यांना शाबासकी मिळते ती अशी.

मित्रांनो, तुमच्या आसपासही कुणीतरी तीच ती तक्रार पुन्हापुन्हा करत असेल. त्याला गप्प करायच्या आधी एकदा विचारा, तुला कधी दुखतं?

लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई एकट्याच गाडीत बसल्या. शेजारची सीट रिकामी होती. काचेवर टेपचा थोडा चिकटा राहिला होता, तो त्यांनी अंगठ्याने घासून काढला आणि चावी फिरवली.

"हजर?"

मी क्षणभर लागलो, आणि विझलो.