काम करायचं नाही, या अटीवर

"हात लावू नकोस तिला! आधी सांग, कोणाला विचारून कापलीस?"

"आई, काल मी तुला सांगणारच होतो..."

"काल तू मला 'जेवलीस का' एवढंच विचारलंस. 'वायर कापू का' असं नाही विचारलंस. विचारलं असतंस तर उत्तर दिलं असतं मी. चांगलं दिलं असतं!"

भांडण माझ्यावरून चाललंय आणि मी त्यांच्या मध्ये टेबलावर पडलेय. मी इस्त्री बोलतेय. घरातली हलकी, फुलाफुलांची इस्त्री नव्हे. लाँड्रीची, ओतीव लोखंडाची, लाकडी मुठीची, जिला उचलताना नवख्याचं मनगट वाकतं ती. माझा तळ आता गार पडलाय, पण आत जे धुमसतंय त्याला वीज लागत नाही.

मला कधी कोणी आडवं ठेवलेलं नाही. हातातलं काम थांबलं की मला टाचेवर उभं करायचं, हा आमच्या दुकानाचा नियम. आज सकाळी मालकिणीने शटर उचललं तेव्हा मी कांबळ्यावर आडवी होते आणि माझी वायर मुठीपासून वीतभर सोडून कापलेली होती. उरलेली वायर प्लगसकट गुंडाळून खिळ्याला टांगली होती. बाहेरची पाटीही काढलेली. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा राहिलाय.

कापणारा चोर नव्हता, मालकिणीचा पोटचा मुलगा होता. नुसता प्लग काढून भागलं नसतं, आईने तो परत खोचला असता, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक!

का कापली ते सांगते. पण मला माझ्या पद्धतीने सांगू द्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढल्या, आज माझं ऐका.

मी जन्मले ओतशाळेत. तांबडंलाल लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर तासलं, घासलं, तळ आरशासारखा केला आणि मला एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धाडलं. तिथे नुसत्या चादरी. माणूस दिसायचा नाही, त्याच्या झोपेच्या चुण्या तेवढ्या दिसायच्या. हातात धरणारे रोज वेगळे. ओल्या हाताने धरायचे आणि झटका बसला की शिव्या मला. एकदा कोणीतरी पाडलं, मूठ फुटली, तर दुरुस्तीचं नावही न काढता मला भंगारात फेकलं. त्यांना मूठ दिसली, तळ दिसला नाही.

भंगारवाल्याकडे एक तरुण बाई रिकाम्या बाटल्या विकायला आली होती. तिने मला उचललं, पालथं करून तळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हिचा तळ शाबूत आहे की! मूठ काय, बसवता येते." बाटल्यांच्या बदल्यात ती मला घरी घेऊन आली. नवरा पाणीपुरवठा खात्यात कारकून. तो म्हणाला, "भंगार देऊन भंगार आणलंस होय?" तिने नवी लाकडी मूठ बसवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाची घडी बघून कचेरीतल्या लोकांनी विचारलं, कुठे देता हो? तिथून आमचा धंदा सुरू झाला.

शाळा तिने फार पाहिली नव्हती. वाचायला ती शिकली कॉलरच्या आतल्या पट्ट्यांवरून. कापड बोटांनी ओळखायची आणि मग पट्टीवरचा शब्द त्याला जुळवायची. सुती. लोकरी. 'गरम इस्त्री नको.' लोक अक्षरांवरून वस्तू ओळखतात, ती वस्तूवरून अक्षर ओळखायला शिकली. पुढे वर्तमानपत्र वाचू लागली, मग नवऱ्याच्या कचेरीतले कागदही. नवऱ्याच्या पगारात घर चालायचं. बाकी सगळं, मुलाचं शिक्षण, सासूचं आजारपण आणि ही दुकानाची जागा, तिने आणि मी उभं केलं. जागा तिच्याच नावावर आहे. हे मी ठासून सांगतेय, कारण पुढे नेमका यावरच बोळा फिरवला गेला.

मुलगा या दुकानात, धुतल्या कपड्यांच्या गाठोड्यांवर लोळत वाढला. माझी वायर मुठीपाशी वाकून वाकून तुटायची. एकदा त्याने हट्टाने स्वतः जोडायला घेतली, दोन्ही तारा एकमेकींना चिकटवल्या आणि सगळ्या इमारतीत अंधार केला. शेजारी धावून आले. आई ओरडली नाही. म्हणाली, "परत सोड, परत जोड." आज तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. मोठमोठ्या इमारतींतली माणसं त्याच्या भरवशावर वर जातात, खाली येतात. हे कसब तो माझ्यावर शिकला. आणि त्याच हाताने... जाऊ द्या. येतेच तिथवर.

परदेशी निघालेल्यांचे कपडे मी पोत्याने बघितलेत. मुलाखतीला जाणारा माणूस शर्ट असा करून मागतो, जणू जन्मात तो कुठे वाकला नाही, कुठे टेकला नाही. आमच्या घड्याळवाल्या काकांनीही तसाच कोट करून घेतला होता. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. म्हातारपणी ते विकलं आणि निवृत्तांना राहू देणाऱ्या कुठल्याशा समुद्राकाठच्या देशात गेले. जाताना दुसरा एक कोट आमच्याकडे टाकला, "आलो की नेतो." मालकिणीने तो झाकून ठेवला. गिऱ्हाईकाचा कपडा तिने कधी विकलेला नाही.

मध्यंतरी ते खरंच आले, कोट मागायला. चांगलेच वाळले होते.

"का हो काका, हवा मानवली नाही?"

"हवा झकास होती गं. हातांना मानवली नाही. शेजारणीचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, तिने खुशीने चार पैसे हातावर ठेवले, तर कोणीतरी जाऊन कळवलं. मला बोलावून समज दिली. तुम्ही निवृत्त म्हणून राहताय, कमवायचं नाही. मी म्हटलं, फुकट करतो. तर म्हणे, तेही नको, संशय येतो. मग काय, बसलो समुद्र बघत. समुद्र काही बिघडत नाही गं, दुरुस्त काय करणार? पुढे वय वाढलं तसा आजारपणाचा विमा कोणी देईना, आणि विम्याशिवाय मुदत वाढेना. आलो परत."

मालकिणीने तो कोट पुन्हा एकदा माझ्याखालून काढला आणि एक पैसा घेतला नाही. तेव्हा तिला काय ठाऊक, तोच समुद्र तिच्यासाठी बघून ठेवलाय म्हणून!

कारण पुढच्याच आठवड्यात मुलगा परदेशी राहायला पाठवणाऱ्या एका सल्लागाराला घेऊन आला. चकचकीत बूट, मांडीवर फाइल. दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला आणि बोटं दुमडत सांगू लागला.

"दोन वाटा आहेत. एक गुंतवणूकदारांची. हे दुकान विकायचं, तिकडे घर घ्यायचं, की तुमचा मुलगा, सूनबाई, नात, सगळ्यांना रहिवास. दुसरी निवृत्तांची, तुम्हा दोघांसाठी. दरमहा ठरलेलं उत्पन्न येतं हे दाखवायचं. काकांची पेन्शन आहेच."

"आणि मी?" मालकिणीने विचारलं.

"तुम्ही काकांच्या आश्रित म्हणून येता त्यात."

"कोणाच्या?"

नवरा वर्तमानपत्रात शिरला.

"एकच अडचण आहे," सल्लागार म्हणाला. "गुंतवणुकीचा पैसा आला कुठून, ते दाखवावं लागतं. तुमचा धंदा सगळा रोखीचा, कागद नाहीत. त्यापेक्षा दुकान काकांच्या पगारातून घेतलं आणि काकू पहिल्यापासून गृहिणी, असं दाखवू. सुटसुटीत. आणि तिकडे तुम्हाला काहीच काम करायचं नाही हं, काकू. काम करायचं नाही, ही अटच आहे." हे तो बक्षीस दिल्यासारखं सांगत होता!

ती गप्प राहिली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसासमोर घरचं भांडण काढायचं नाही, ही तिची जुनी शिस्त. बापलेकांना ही शिस्त पाठ. तरी दोघांनी तिचं गप्प राहणं म्हणजे होकार धरला, कारण तसं धरणं सोयीचं होतं. नवऱ्याने 'पत्नी गृहिणी' या ओळीखाली सही केली. त्या देशाच्या कचेरीतून आज चौकशीला कोणी येईल, दुकान चालू दिसता कामा नये, म्हणून मुलाने पाटी उतरवली आणि मला कापलं.

आता बघा, इथवर आलो. सल्लागार आज पुन्हा त्याच खुर्चीत आहे, पण आज शिस्त गेली चुलीत.

"आई, तुझं मनगट बघ कसं सुजलंय. तुला आराम मिळावा म्हणूनच..."

"आराम मी झोपेत करते. मनगट माझं आहे, त्याचा दाखला देऊन माझं दुकान मागू नकोस."

"तुझ्या नातीचं भलं होईल गं तिकडे!"

"होऊ दे की. नातीला सांगशील ना, की आजीने आयुष्यात काही केलं नाही? तसंच लिहून दिलंय तुम्ही." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, तुम्ही! पेपर खाली ठेवा. तुमच्या एका सहीने मी सगळा जन्म घरी बसले?"

"मला वाटलं, सही केली की कटकट मिटेल," नवरा पुटपुटला.

"मिटली? ऐका आता."

"काकू, भावनेच्या भरात निर्णय..."

"काकू नाही. लाँड्रीवाली म्हणा. कागदावरून पुसलंत, निदान तोंडाने तरी म्हणा. आणि मला एक सांगा, तुमच्या त्या देशात काम करणाऱ्याला दार नाही का? पैसेवाले चालतात, बसून खाणारे चालतात. हाताने काम करणारे?"

सल्लागाराने बूट आत ओढले. "आहे ना. कसबी माणसांची वाट आहे. लिफ्टच्या मेकॅनिकना तर मागणी आहे. पण ती लांबची. भाषेची परीक्षा, कामाची परीक्षा, थांबावं लागतं. म्हणून आम्ही सहसा सुचवत नाही."

तिने मुलाकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"...होतं."

"मग माझं दुकान का विकायला काढलंस?"

"लवकर होतं म्हणून. परीक्षेत नापास झालो तर काय, असं वाटलं."

मला वाटलं होतं, आता ती त्याच्या अंगावर धावून जाईल. मी जागची उठू शकले असते तर मीच गेले असते. ज्याला माझ्यावर पुन्हा पुन्हा चुकू दिलं, त्याला नापास व्हायची भीती! आणि त्या भीतीची किंमत आईच्या जन्माने मोजायची!

तेवढ्यात मला माझ्या वायरचं टोक दिसलं. तार उघडी नव्हती. कापल्यावर त्याने तिच्यावर काळी पट्टी गुंडाळली होती, घट्ट, नीट, कोणाला झटका बसू नये म्हणून. आईनेही ते पाहिलं. टोकावरून अंगठा फिरवला, जसं कधी माझ्या तळावरून बोट फिरवलं होतं.

"दुकान विकणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सल्लागाराने फाइल मिटली. "माझी सही मिळणार नाही. हे इथेच राहतील आणि जाऊन 'बायको लाँड्रीवाली' असं दुरुस्त करून येतील. तुला जायचंय ना? जा. तुझ्या हातांवर जा. मी आडवी येणार नाही."

सल्लागार उठून गेला. रिकाम्या खुर्चीकडे बघत नवरा म्हणाला, "पाटी कुठे ठेवलीय रे? आण, लावतो." आयुष्यात पहिल्यांदा तो त्या पाटीला हात लावणार होता.

माझं एवढंच मागणं आहे. मला वापरा. तापवा, घासा, माझी वायर शंभरदा तुटू द्या, मूठ पुन्हा फुटू द्या. अगदीच संपले की भंगारात घाला, मी पुन्हा वितळेन. पण काम करायचं नाही या अटीवर मला कुठल्याही मखमलीवर ठेवू नका. तिलाही ठेवू नका. लोखंड आणि माणूस, दोघांनाही गंज बसूनच चढतो.

मुलगा अजून टेबलाशी उभा होता. "आज दुपारी त्या देशाच्या कचेरीत बोलावलंय," तो म्हणाला. "जाऊ का नको?"

"जा. त्या लांबच्या वाटेचं विचारून ये."

तो वळला. आणि तिला त्याची बाही दिसली. मलाही दिसली. मला कापल्यावर त्याने शर्ट दुसरीकडे देऊन आणला होता. कोणा बेपर्वा हाताने शिवण न जुळवता घडी मारली होती आणि खांद्यापासून मनगटापर्यंत एकीच्या जागी दोन रेघा पळत होत्या. त्याने चटकन बाहीवर हात ठेवला.

"आई, उशीर होतोय..."

तिने मला दोन्ही हातांनी उचललं, टाचेवर उभं केलं आणि म्हणाली, "आधी वायर जोड आणि अंगातला शर्ट काढ, दुहेरी घडीची बाही घेऊन माझा मुलगा कुठल्याही देशाच्या दारात उभा राहणार नाही."