घरधनीण बसली

"हे काय आहे?"

कोसारा काकूंच्या डाव्या पायाची पट्टी मी गुडघ्याखाली सोडत आणली आणि आतून कोबीचं पान निघालं. ओलं, आंबट, थेट लोणच्याच्या पिंपातलं. त्यामागून दुसरं. मग राकियाचा, घरी गाळलेल्या दारूचा, भपकारा आला.

"लेपोसावानं बांधलं," काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या. "सूज ओढून घेतं म्हणे."

"काकू, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून सार्मा पातेल्यात करतात. पायाची नाही करत."

शेजारची लेपोसावा तिथेच टेबलाशी अक्रोड फोडत बसली होती. ती कशाला गप्प बसतेय! "तुझ्या पट्ट्यांनी काय दिवे लावले गं, रुझित्सा? आणि ती खिडकी लाव आधी. असा झोत येतो, म्हणून तर तिला लाल वारा लागतो."

पाय लालभडक होतो, आग आग होते, ताप चढतो, त्याला आमच्याकडे लाल वारा म्हणतात. नावात वारा आहे म्हणून लोक पिढ्यानपिढ्या खिडक्या बंद करत आले आणि बोटांमधल्या भेगांकडे कुणी पाहिलं नाही. मी लेपोसावाला हाताला धरून खाली वाकवलं. राकियानं कातडी सुकून काकूंच्या टाचेवर नवी चीर गेली होती.

"हे बघ. तुझा वारा इथून शिरतो. मागच्या वर्षी असाच शिरला होता."

लेपोसावाच्या हातातला अक्रोड तसाच राहिला. "देवा रे! मी तर चांगली पहिल्या धारेची वापरली," ती पुटपुटली, आणि तिचे डोळे भरून आले. मग मला तिच्यावर रागावता येईना. मी पाय धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, मलम लावलं. काकू लाडावलेल्या मुलासारख्या पाय माझ्या मांडीवर टाकून टेबलावर कणीक मळत बसल्या होत्या.

मी सरकारी दवाखान्याची घरोघर फिरणारी नर्स. काकू शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. आमचं अर्धं गाव त्यांच्या हातचा घेवड्याचा रस्सा खाऊन मोठं झालंय, मीसुद्धा. पुढे गर्भाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, किरणं दिली, जीव वाचला. पण जांघेतल्या लसीकेच्या गाठी काढाव्या लागल्या आणि पायातलं पाणी वर चढायची वाट बंद झाली. तेव्हापासून हा पाय. पहिल्याच दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "हे बरं होत नाही काकू, रोज सांभाळावं लागतं."

"माझा नवरा तसाच होता," त्या म्हणाल्या होत्या. "सांभाळला की!"

नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा व्लादान ऑस्ट्रियात, लिंझला ट्रक चालवतो. त्या दिवशी पट्टी चालू असतानाच त्याचा फोन आला. काकूंचे हात कणकेचे, म्हणून लेपोसावानं तो मोठ्या आवाजात लावून टेबलावर ठेवला.

"आई, मी सरळच बोलतो. पुढच्या वर्षीपासून स्लावा मी इकडे करतो. मेणबत्ती, संताची तसबीर, सगळं इकडे घेऊन येतो. मागच्या वर्षी तू तापानं पडलीस, दार बंद होतं. लोक येऊन परत गेले. बरं दिसतं का?"

"या वर्षी दार उघडं राहील."

"अगं, दिवसभर उभी राहणार आहेस का तू?"

स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस, बापाकडून मुलाकडे जाणारा. मुलानं मागितला तर आईनं नाही म्हणायचं कसं? त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो. आणि घरधनी बसत नाही. संत पाहुणा म्हणून आलेला असतो, त्याच्यापुढे यजमान बसला तर ते घर कुणाचं?

"परवाची स्लावा होऊ दे, मग बघू," एवढंच बोलून त्यांनी कोपरानं फोन बंद केला. मग मला म्हणाल्या, "पोरी, हा दिवस इथून गेला ना, की मी या घरात नुसती राहायला उरले."

मी फक्त पट्टी नीट बांधली. आधी बोटं एकेक करून, मग कापसाचा थर, मग पावलावर घट्ट आणि वर जाताना सैल. "चालत राहा, वाढत राहा," मी बजावलं. "पायाला चालणं चालतं. एका जागी खांबासारखं उभं राहणं चालत नाही."

स्लावाच्या सकाळी मी पुन्हा पट्टी बांधायला गेले. टाचेची चीर मिटत आली होती. मेणबत्ती लागली होती, पाद्री गोल पाव कापून गेला होता, सार्माचं पातेलं मंद आचेवर रटरटत होतं. पट्टीच्या पायात त्यांचा बूट जाईना म्हणून त्यांनी नवऱ्याची जुनी सपात चढवली. मला कुणी थांब म्हटलं नाही, म्हणायचं नसतंच. मी आपली थांबले.

दुपार झाली तरी कुणी आलं नाही. काकू दाराशी जात, परत येत, नीट असलेला टेबलक्लॉथ पुन्हा नीट करत. "गेल्या वर्षी परत गेलेले आता कशाला येतील?" त्या एकदाच म्हणाल्या.

मग फाटक वाजलं. लेपोसावा आणि तिचा नवरा. त्यांच्यामागे शाळेतल्या जुन्या बाया. आणि सगळ्यात शेवटी, काठी टेकत, कूम रादिसाव. काकूंच्या लग्नाचा साक्षीदार. आमच्यात कूमचा मान भावापेक्षा मोठा. ऐंशी उलटलेला माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

"स्लावा सुखाची होवो, घरधनीण!" पाहुण्याला आधी देतात त्या गोड गव्हाचा चमचा त्यानं तोंडात घातला. "मागच्या वर्षीचा उपाशी आहे मी. दोन वर्षांचं वाढ."

काकूंचा चेहरा उजळला. त्या धावत होत्या, वाढत होत्या, हसत होत्या. मी पायाकडे बघत होते. सूप फिरवून झालं आणि त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणे, पाहुण्यांच्या ताटांवर नजर ठेवून. पट्टीबाहेरची बोटं फुगायला लागली होती. ओठ पांढरे पडले होते.

"काकू, बसा."

"आज नाही."

"पाय वर घ्या, नाहीतर उद्या पुन्हा ताप येईल."

"उद्याचं उद्या. रुझित्सा, चारचौघांत मला बसवू नकोस." खोलीतले चमचे थांबले. व्लादानचं म्हणणं सगळ्या गावाच्या कानावर गेलेलं होतंच, आणि आता सगळे खाली बघत होते.

रादिसावनं टेबलाची कड धरली. एक गुडघा, मग दुसरा, कण्हत कण्हत तो उभा राहिला. स्वतःची खुर्ची त्यानं काकूंकडे ढकलली.

"कूम, हे काय करताय?"

"स्लावाला बसतो तो पाहुणा आणि उभा राहतो तो घरचा, बरोबर? मग आज आम्ही घरचे. बस तू."

"असं कुठे असतं का!"

"माझे गुडघे बघ आणि वाद घाल. लवकर बस, मला फार वेळ उभं राहता येत नाही."

लेपोसावा उठली. तिचा नवरा उठला. शाळेतल्या बाया बश्या हातात घेऊन उठल्या. मीही उठले. काकूंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्या हळूच बसल्या. मी तो जड पाय उचलून स्टुलावर ठेवला, खाली उशी सरकवली. त्या रडत होत्या, आणि हात एप्रनला पुसत होत्या.

फोन वाजला. लिंझ. लेपोसावानं तो त्यांच्या कानाशी धरला.

"हो, आलेत," काकू म्हणाल्या. "नाही, जागा भरपूर आहे. पण बसत नाहीत कुणी." मग नाक ओढून म्हणाल्या, "मेणबत्ती इथेच राहील, व्लादान. तू पुढच्या वर्षी ये. आता ठेवते, माणसं जेवतायत."

माणसं जेवत होती. रादिसाव कपाटाला पाठ टेकवून उभा होता, हातात सुपाची वाटी धरून, आणि फुंकर घालत होता.