होडीची तहान

होडीच्या तळाजवळचा तो फोड मसुराएवढा... अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की पुन्हा वर, एखाद्या आज्ञाधारक कारकुनासारखा. विनीतने नखाने तो फोडला. तपकिरी थेंब आला, शिरक्यासारखा आंबट वासाचा. म्हणजे पाणी वरच्या रंगातून आत शिरून फायबरच्या थरांना धरून ठेवणारी राळ खात बसलं होतं — किती वर्षं, कोण जाणे. पुण्याच्या प्रयोगशाळेत तो हेच करतो. फायबरचे तुकडे कोमट पाण्यात बुडवायचे आणि ते केव्हा हार मानतात याची वाट पाहायची. तळाशीलच्या मासेमाराच्या थोरल्या मुलाला बुडवण्याचा पगार मिळतो, यावर गावात कुणाला हसू आलं नाही, याचं त्याला अजून नवल वाटतं.

तो बोटांच्या पेरांनी होडी वाजवत मागे सरकला. टण, टण... आणि इंजिन बसतं तिथे भद. पुन्हा वाजवलं. भद. इथे थर सुटलेत, उसळत्या लाटेत पहिला तडा इथेच जाणार. पावसाळ्यातली मासेमारीबंदी आज संपते, उद्या पहाटे गुरुदास हीच होडी लोटणार.

गुरुदास शेजारी जाळं ठीक करत होता. थोरल्या भावाचं वाजवणं त्याने बराच वेळ सोसलं.

"तुझ्या लॅबातलो तुकडो मेलो म्हणान माझी होडी मरतली काय रे?"

विनीत हसला नाही, कारण त्याची नजर होडीच्या आत गेली होती — ओली गोणपाटं, तळाला वीतभर पाणी, आणि कळशी घेऊन विहिरीकडून येणारे वडील, आबा. चाल मंद, कळशी मात्र काठोकाठ. हे कशाला, असं त्याने विचारलं तेव्हा आबांना प्रश्नाचीच गंमत वाटली.

"होडयेक तान लागता रे. लाकडाची काय आणि फायबरची काय."

लाकडाला लागायची, खरंच. शाकारणीनंतर, म्हणजे पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झाकल्यावर, सुकी राहिली की फळ्या आकसायच्या, सांधे उघडायचे. म्हणून आबा पाणी पाजायचे, तापल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तसे. मग लाकूड गेलं, फायबर आलं, हात तोच राहिला. दर पावसाळ्यात, गोड्या विहिरीचं पाणी... आणि फायबरच्या अंगात खाऱ्यापेक्षा गोडं पाणी लवकर मुरतं, हे त्याने स्वतः मोजलंय, त्यावर एका परिषदेत टाळ्यासुद्धा घेतल्यात. समुद्रात सोडून दिली असती तरी बरी राहिली असती.

आबांनी कळशी आत रिती केली. होडीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "बरी ठेवलंय मा?"

"उद्या नको नेऊ," विनीत गुरुदासला म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा आला असावा, कारण जाळ्यातला हात थांबला. भाऊ थट्टा करत नाही हे गुरुदासला कळलं असावं.

पण विचारलं आबांनी. "कित्या रे?"

कित्या... कारण काय सांगायचं? ऊन म्हणावं, ऊन रंग खातंच. साचेवाल्याने राळ हलकी वापरली म्हणावं. खारी हवा म्हणावी. प्रत्येकासाठी त्याच्याकडे आलेख होता, प्रत्येक थोडा थोडा खराही होता, आणि आपण इतक्या झटपट खोटं जुळवायला बसू शकतो हे पाहून तो मनातल्या मनात गार पडला. अर्धं आयुष्य त्याने कारणं शोधली होती, कुठलंही सापडलं तरी त्याला चालायचं. आज, आबा रिकामी कळशी धरून उत्तराची वाट पाहत असताना, समुद्रच दोषी निघावा असं त्याला पोटातून वाटत होतं.