मागून पुढे

डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली. वरच्या मजल्यावर कुणीतरी चष्मा शोधत फिरत असावं, तसा आवाज. मी कॉम्प्युटरला कान लावून बसलो.

"मामा, कान काढा. हातही काढा," भाची फोनवरून म्हणाली. ती परगावी कॉम्प्युटर दुरुस्त करते. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्सही तिनेच घातलं होतं.

त्या डिस्कवर माझ्या बायकोचा आवाज होता. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती मला कादंबऱ्या वाचून दाखवायची आणि हौसेने रेकॉर्डही करायची. पुढे तिच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती पाटीवर लिहून बोलते. तो आवाज या टकटकणाऱ्या डिस्कखेरीज कुठेही उरलेला नाही.

"दुसरीकडे कॉपी?" भाचीने विचारलं.

"करणारच होतो गं."

बायकोने पाटी माझ्यासमोर धरली. मला ती मोठ्याने वाचावी लागली: "वरातीमागून घोडं."

"मामी आहे तशीच आहे," भाची हसली. "आता नवी डिस्क जोडा. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत मी सांगते तशी कॉपीची आज्ञा टाइप करा. आधी जुनीचं नाव, मग नवीचं. उलटं झालं तर नवीचा कोरेपणा जुनीवर उतरेल."

हे तिने सांगायला नको होतं. मी कुलूप लावल्यावर जिन्यातून चारदा परत येणारा माणूस. त्यात दोन्ही नावांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा! बोट कळीवर ठेवून मी दोन्ही नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. बायकोने माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनवर नावांपुढे दिसणाऱ्या क्षमतेच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, 'लहान ती जुनी.' खरंच की. मी कळ दाबली.

"एखादी फाइल ऐकून बघू? आवाज आहे ना, एवढंच."

"अजिबात नाही! आजारी माणसाला गप्पा मारायला उठवतात का? सगळं नवीवर येऊ दे, मग तिथे ऐका."

कॉपी करणारा प्रोग्राम शहाणा होता. सोपं तेवढं उचलायचा, अडलं की ते सोडून पुढे जायचा. कॉपी झालेल्या भागाचे आकडे संथ चढत होते. दुपारच्या उन्हात खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा भिंतीला टेकत होता. मला डुलकी लागली. बायको एका लांबलचक घरातून पुस्तक घेऊन चालली होती आणि ती बोलेल त्या खोलीत उजेड होत होता. काही खोल्या मात्र ती दार न उघडताच ओलांडत होती.

जागा झालो तेव्हा आकडे थांबले होते.

"मधेच अडलंय," मी फोनवर म्हणालो.

"मग आता मागून पुढे वाचायला लावू. अलीकडून दार उघडत नसेल तर पलीकडून बघायचं."

तिने सांगितलेलं अक्षर मी आज्ञेत जोडलं आणि पुन्हा कळ दाबली. आकडे पुन्हा हलले. ओलांडलेल्या काही खोल्यांत मागच्या दारानेही उजेड गेला असेल, असं मला वाटत राहिलं. मग टकटक थांबली. वरचा माणूस चष्मा न सापडताच निजला.

"गेली ती," भाची म्हणाली. "पण बरंच आलंय, मामा. आता नवीवरचं लावा."

मी फाइल लावली. कादंबरीतली बोट बंदराला लागत होती. वाचता वाचता आवाज थबकला: "अहो, झोपलात का?"

"नाही," मी दचकून म्हणालो. शेजारी बायकोचे खांदे हसण्याने हलले.

पुढच्याच वाक्यात आवाज बुडाला. नुसती शांतता. बायकोचं हसू मावळलं, ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी फाइल थांबवली, कपाटातून ती कादंबरी काढली आणि पान शोधलं. चार माणसांत मी कधी मोठ्याने वाचलेलं नाही. शाळेतही बाकाखाली लपायचो. आवाज कापत होता, तरी हरवलेली ओळ मी वाचली आणि फाइल पुढे सोडली. तिचा आवाज बंदरावर माझी वाट बघत असल्यासारखा उभा होता.

बायकोने पाटी पुसली, लिहिलं आणि माझ्याकडे वळवली.

'स्वल्पविराम खाल्लात.'

मी पुन्हा मागे गेलो आणि ती ओळ नीट वाचली.